अप्पांच्या गाडीची उजवी बाजू

आमच्या कुंभार पिंपळगावात कुणी नवी गाडी घेतली की ती आधी देवळापुढे उभी राहते आणि मग रंगनाथ अप्पांच्या दारात. तिथं ती कुणी हौसेनं नेत नाही. रस्ताच तिथून जातो आणि अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे असतात. हात वर करून गाडी थांबवायची, बॉनेटला कान लावायचा आणि मधल्या बोटाच्या पेरानं टकटक करायची. दोनदा पुढे, एकदा दरवाज्यावर. मग गुडघे टेकून गाडीखाली डोकं घालायचं आणि उठून धोतर झटकत निकाल द्यायचा.

"पत्रा पाक्का हाय. पण बूड बराबर न्हाई."

अप्पा कुंभार आहेत. चाळीस वर्षं माठ वाजवून विकले, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू वाजवल्याशिवाय त्यांना कळत नाही. जालन्याहून एक बडे ठेकेदार पांढरी शुभ्र, घराएवढी उंच गाडी घेऊन आले होते. अप्पांनी तीही वाजवली आणि म्हणाले, "साहेब, रांजण झाला हा. एवढी उंच गाडी पळंल कशी? पळणारी गाडी जमिनीला पोट लावून बसती." ठेकेदारांनी काच वर केली ती गाव सुटेपर्यंत खाली घेतली नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अप्पांना स्वतःची सायकलसुद्धा चालवता येत नाही. पण इटलीच्या कुठल्या गाडीची दारं पंखासारखी वर उघडतात आणि जपानच्या कुठल्या गाडीचा मागचा पंख वेग वाढला की आपोआप उठतो, हे त्यांना पाठ आहे. आणि हे सगळं ज्ञान त्यांनी माझ्या दुकानात मिळवलं आहे. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविम्याची रांग दारापर्यंत गेलेली असली तरी अप्पा सरळ आत येतात, स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "दिलीप, आज एखादी नवी निघाली का बघ."

मग मला इंटरनेटवर जगातल्या महागड्या गाड्या शोधाव्या लागतात. त्यातही अप्पांना बाजारात आलेल्या गाड्यांपेक्षा प्रदर्शनापुरत्या बनवलेल्या, अजून रस्त्यावर न उतरलेल्या गाड्या जास्त आवडतात. रंगीत प्रिंट काढायची. समोरून नको, बाजूनं पाहिजे. "तोंड काय कुणाचंबी चांगलं असतं. बाजूनं बघायची वस्तू." त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "घोडे किती?"

"सातशे," मी एकदा वाचून सांगितलं.

अप्पा विचारात पडले. कुंभाराला मातीत घोड्याची लीद मिसळावी लागते, नाहीतर भांडं तडकतं, आणि हल्ली लीद कुठे मिळत नाही. ते म्हणाले, "सातशे घोड्यांची रोजची लीद किती पडत असंल रे?" रांगेतला एक शेतकरी हसता हसता आपला सात-बारा माझ्या टेबलावर विसरून गेला.

मागच्या हिवाळ्यात मला कुठूनतरी कळलं की मुंबईची काही श्रीमंत मंडळी आपल्या असल्या गाड्या घेऊन रविवारी समृद्धी महामार्गानं नागपूरला जाणार आहेत. अप्पांसमोर हे बोलायला नको होतं. रविवारी सकाळी सहाला ते माझ्या दारात, डोक्याला मफलर आणि हातात भाकरीचं गाठोडं. दोन तास मोटरसायकलवर अंग आखडून आम्ही जालन्याजवळच्या एका पुलावर पोचलो. खालून महामार्ग जात होता. कापसाच्या गाठींचे ट्रक गेले, कंटेनर गेले, लग्नाची एक ट्रॅव्हल्स गेली. दुपारी एकच्या सुमारास भूक अनावर झाली म्हणून अप्पांनी गाठोडं सोडलं, ठेचा मोकळा केला आणि नेमक्या त्याच क्षणी पुलाखालून काहीतरी किंचाळत गेलं. एक, दोन, तीन, चार. आम्ही दुसऱ्या कठड्याकडे पळेपर्यंत रस्ता रिकामा झाला होता.

मी कपाळाला हात लावला. अप्पा मात्र हातात भाकरी धरून खुशीत उभे होते. "दिसल्या न्हाईत," ते म्हणाले, "पण ऐकल्या. आवाज पाक्का हाय."

आता हे वेड आलं कुठून, तर त्याला जबाबदार मी. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

अप्पांना एकुलता एक मुलगा, गजानन. सहा वर्षांपूर्वी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. गजानन म्हणाला, "जिंदगीभर या घाणीत हात घालायचे न्हाईत मला." अप्पा म्हणाले, "मातीला घाण म्हणणाऱ्यानं हा उंबरा ओलांडायचा न्हाई." गजाननानं पिशवी उचलली आणि तो पुण्याला गेला. दोघंही शब्दाचे पक्के, त्यामुळे सहा वर्षं उंबरा ओलांडला गेला नाही. त्याचा फोन यायचा तो आईला, सुभद्राकाकूंना. काकू बोलायला लागल्या की अप्पा माठ घडवायच्या चाकाची मोटर बंद करायचे. "गरम झाली," म्हणायचे. दर वेळी ती मोटर फोन संपेपर्यंतच गरम राहायची.

दोन वर्षांपूर्वी मी भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो, तेव्हा गजाननला भेटलो. चहा पिताना त्याच्या नखांत अडकलेली माती बघितली आणि विचारलं, "हे काय रे?" तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, "दिलीपभाऊ, गाड्यांच्या कंपनीत हाय मी. नवी गाडी काढायच्या आधी अख्खी गाडी मातीची करतात. खऱ्या मापाची. आम्ही दहाबारा जण दिवसभर खरडून तिला आकार देतो. फोटो काढता येत न्हाई, आत जाताना मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. एवढं करा, अप्पांना बिलकुल सांगू नका. मातीतून पळाला अन् मातीतच पडला म्हणून हसतील."

मी त्याला शब्द दिला. तो शब्द पुण्यापासून आमच्या बसस्टँडपर्यंत टिकला. गावात उतरल्यावर मी घरीसुद्धा न जाता सरळ अप्पांकडे गेलो.

अप्पा हसले नाहीत. माठाच्या गळ्यावर त्यांचा हात होता तो तिथंच थांबला.

"किती मोठी करतात?"

"अख्खी, अप्पा."

"हातानं?"

"हातानं."

अप्पांनी माठ पुरा केला, दोऱ्यानं कापून खाली उतरवला आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि गाड्यांचे फोटो मागितले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली अडगळ बाहेर काढली.

"अप्पा, पुढं एवढं अंगण असताना मागं कामून?" मी विचारलं.

"मागं सावली हाय."

अप्पांना आता मातीची अख्खी गाडी करायची होती. ती किती लांब असते ते त्यांनी मला विचारून घेतलं आणि त्यात दीड फूट वाढवला, कारण माती वाळली की आकसते. आतून विटा आणि बांबू, वरून माती. साठी ओलांडलेला माणूस रोज पहाटे माती तुडवायचा, दिवसा माठ करायचा आणि संध्याकाळी गाडीला थापी मारायचा. तीनदा पुढचा भाग ढासळला, तीनदा उभा केला. काकू वैतागायच्या. "पोळ्याला बैल करायचे सोडून हे बघा काय करून राह्यले. त्याला हाकणार कोण?" अप्पा थापी मारत राहायचे.

सहा महिन्यांत गाडीची डावी बाजू झाली. आणि खरं सांगतो, मी थट्टा करायच्या तयारीनं गेलो होतो, पण थट्टा विसरून गेलो. कमरेच्याही खाली उंची, सरपटत चाललेल्या जनावरासारखी लांब, वरून गेरूचा हात आणि चिंचोक्यानं घासून आणलेली झिलई. दाराच्या कडेवरून हात फिरवला तर कुठे अडत नव्हता. अप्पांनी वाजवून दाखवली.

उजवी बाजू मात्र नुसता चिखलाचा ढिगारा. त्यावर ओली पोती.

गावानं वाट बघितली. महिना गेला, दोन गेले. लोक फोटो काढायला यायचे ते डावीकडूनच काढायचे. "अप्पा, आरसा लावा, म्हंजे पुरी दिसंल," असं कुणी म्हणायचं. अप्पांचं उत्तर एकच. "उजवीकडचं काम चालू हाय."

आता कसलं काम चालू होतं? त्या बाजूला अप्पा थापीसुद्धा लावत नव्हते. सकाळ-संध्याकाळ पोती भिजवायची, एवढंच काम. उन्हाळ्यात गावात टँकर सुरू झाला, आठवड्यातून दोनदा पाणी. तेव्हा अप्पांनी नवी शक्कल काढली. गाडीच्या उजव्या अंगाला दगड ठेवला, त्यावर बसून आंघोळ करायची, खाली घमेलं, आणि घमेल्यातलं पाणी पोत्यांवर. काकूंनी माझ्याकडे तक्रार केली, "दिलीप, माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् हे गाडीला आंघोळ घालून राह्यले." वर आणखी एक भानगड झाली. वाळलेली बाजू आणि ओली बाजू जिथं मिळतात तिथं, गाडीच्या पाठीवर, रोज भेग पडायची. अप्पा रोज ती बुजवायचे. दुसऱ्या दिवशी परत पडायची.

"सुकू द्या की सगळीच," मी म्हणालो.

"न्हाई सुकू द्यायची," अप्पा म्हणाले. बास, विषय संपला.

सगळं मिळून दीड वर्षं हे चाललं. शेवटी मला राहवेना. मी डाव्या बाजूचा झकास फोटो काढला आणि कुणालाही न विचारता गजाननला पाठवला. त्यानं बघितल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. चार दिवसांनी एक ओळ आली. "मागच्या चाकावरचा फुगवटा चुकला आहे, तिथं दारावरून आलेली रेघ मरते."

मला त्याचा एवढा राग आला की फोन फेकावासा वाटला. बापानं दीड वर्षं हाडं झिजवली आणि हा चुका काढतो! तरी सवयीप्रमाणे मी तो निरोप अप्पांना दाखवलाच. अप्पांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत एक-एक अक्षर तीनदा वाचलं. मग शेडमध्ये जाऊन मागच्या चाकावर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"बराबर हाय त्याचं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी बघतच राहिलो. "पण त्याला लिही, सांगणं सोपं असतं. येऊन दाखव म्हणावं."

मी लिहिलं. पुन्हा निळ्या खुणा, पुन्हा काही नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी अप्पा पुढच्या दारात मातीचे बैल मांडून बसले होते. मी एक जोडी घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात मागून काकूंची हाक आली, "अहो, जल्दी या हिकडं!" आम्ही दोघं बोळातून वळसा घालून मागे पळालो.

शेडमध्ये गजानन उभा होता. पाठीला सॅक, अंगावर प्रवासाचे चुरगळलेले कपडे. मागच्या बोळातून सरळ शेडमध्ये येता येतं, मध्ये उंबरा लागत नाही. हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. अप्पांची सावली ही होती.

गजाननानं डावीकडे बघितलंच नाही. त्यानं उजवीकडचं पोतं उचललं आणि मातीत अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला. तो तसाच उभा राहिला.

"ओली हाय अजून," तो म्हणाला.

"मंग?" अप्पा म्हणाले. "तुझी बाजू हाय ती. मी कामून हात लावू?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही. गजाननानं सॅक खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि विचारलं, "खरडणी कुठं हाय?"

दुपारपर्यंत दोघं काम करत होते. बोलणं म्हणजे एवढंच, "इथं दाब," "इथं जास्ती झालं," "बूड बघ." अप्पा माती कालवायला गेले तेव्हा गजानन मला हळूच म्हणाला, "दिलीपभाऊ, आमच्या कंपनीतली माती मेणाची असती. भट्टीत ऊन करून लावायची. ती वाळतच न्हाई. दोन वर्षं ठेवा, पाणी लागत न्हाई." त्यानं त्या दगडाकडे आणि घमेल्याकडे बघितलं. "हे अप्पांना सांगू नका."

जेवायची वेळ झाली. अप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "आत जाऊन हात धू. रांजणात पाणी हाय."

"आत?"

"मंग काय पोळ्याला हिथं चिखलात बसून जेवतो का?"

गजानन आत गेला.

दोन दिवसांनी तो पुण्याला परतला. उजवी बाजू अजून पाव हिस्साही झालेली नाही, आणि सुट्टी मिळाली की तो येतो. मेणाच्या मातीचं अप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. आयुष्यात पोटात राहिलेली ही पहिलीच गोष्ट. तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण अप्पा गाड्यांच्या फोटोंखेरीज छापलेलं काही बघत नाहीत.

संध्याकाळी गजाननचा फोन येतो. काकू दोन शब्द बोलतात आणि फोन अप्पांकडे देतात. अप्पा चाकाची मोटर बंद करतात, हात धोतराला पुसतात आणि फोन कानाला लावतात. न वाळणाऱ्या मातीत दिवसभर काम करून आलेला तो पोरगा पहिला प्रश्न विचारतो, "अप्पा, पोत्यांवर पाणी मारलं का?"