सेतुरावांचे दोनशे घोडे

सेतुराव गाडीला साधा नट बसवला तरी चारी चाकांखाली लिंबं ठेवत. चेन्नईत नव्या गाडीची पूजा अशीच होते, गाडी लिंबं चिरडून पुढे जाते. पण ती एकदाच. सेतुरावांची गाडी दर रविवारी नवी व्हायची. त्यामुळे गिंडीतल्या त्यांच्या शेडमध्ये नाकाला आधी लिंबू लागायचं, मग पेट्रोल.

गाडी जुनी, चौकोनी, रंग उडालेली. पोटात मात्र पुदुपेट्टैच्या भंगार बाजारातून एकेक तुकडा आणून जमवलेला टर्बो. इंजिनात जादा हवा कोंबायची आणि ताकद वाढवायची. दोनशे घोड्यांची गाडी करायची, हा त्यांचा ध्यास.

मी नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेला. शेडजवळच्या चहाच्या टपरीवर फोनवर मराठीत भांडत होतो. मागून आवाज आला, "मराठी काय तुम्ही? या, टॉर्च धरा." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी टॉर्च धरत होतो.

त्यांची मराठी जुनी, तंजावरची, आणि अधूनमधून तमिळ; मला 'तंबी' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. एकदा विचारलं, "घरी कुणाशी बोलता हो ही?"

"बायको होती. आतां लेकीला तमिळ, नातवाला इंग्लिश." बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "मराठी हिला."

मला ही गाडी पटत नव्हती. एकदा भडकून म्हणालो, "इथले कामगार बसच्या दाराला लोंबकळत जातात, आणि तुम्ही एका माणसामागे दोनशे घोडे जुंपता! कशाला?"

"आमचे लोक तंजावरला घोड्यांवरच आले, तंबी. सवय जात नाही."

अशा माणसाशी वाद कसा घालणार? मी बजावलं, "गाडी होईपर्यंतच येईन. मग माझे रविवार आम्ही मित्र बांधकाम मजुरांना शिकवणार आहोत त्या वर्गाला." त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "सरी. बरोबर आहे."

पण गाडी होईना. सिरुसेरीच्या रस्त्याला तेव्हा रविवारी शुकशुकाट असे. तिथे गाडी न्यायची, काटा वर चढायचा, पाठ सीटला चिकटायची आणि फुस्स! टर्बोचा रबरी पाइप निसटलेला. दर वेळी तोच. सेतुराव मान हलवत, "कोंजम राहिलंय, तंबी. थोडंसंच."

एका रविवारी मी लवकर पोचलो. शेडचं दार अर्धं उघडं होतं. सेतुराव बॉनेटमध्ये वाकलेले. हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्या पाइपचा क्लॅम्प ते सावकाश सैल करत होते आणि गाडीला समजावत होते, "राग धरूं नको. तूं झालीस तर तो येणार नाही. आज एवढं फुसक, हां?"

मी पाऊल न वाजवता टपरीवर परतलो. एक चहा घेतला आणि नेहमीच्या वेळेला आलो.

लिंबं चिरडली. रस्त्याला लागलो. काटा चढला, फुस्स झालं.

"कोंजम राहिलंय," सेतुराव म्हणाले. या वेळी माझ्याकडे न बघता.

"राहू दे की. वर्ग संध्याकाळी घेऊ आम्ही. मजुरांनाही तेच बरं पडेल." मी उतरून पाइप जागेवर बसवला, क्लॅम्प आवळला. "आणि पुढच्या रविवारी लिंबं मी आणतो."