लारससाहेबाचा अंगठा

लारससाहेबाला काहीही दाखवा, तो आधी डावा डोळा मिटायचा. मग उजवा हात ताठ पुढे काढून अंगठा उभा धरायचा, त्या अंगठ्याने समोरची वस्तू खालपासून वरपर्यंत मापायचा आणि हात सोडून म्हणायचा, "लहान हाये. आमच्या इकडं याच्याहून मोठं हाये." मग ती वस्तू देवळाचा कळस असो की गावची वेस. आमच्या शेटजींचं पोटसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. तिकडे अमेरिकेत भाऊभाऊ लढत होते आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. मी अमरावतीला शेटजींच्या पेढीवर कारकून होतो. शेटजींनी कापसाच्या गाठी दाबायचा भलामोठा पेच मुंबईहून मागवला. रेल्वे आमच्यापर्यंत अजून यायची होती, त्यामुळे पेचाचे तुकडे बैलगाड्यांतून आले, आणि शेवटच्या गाडीत ते तुकडे जोडणारा लारससाहेब आला. मूळचा जहाजावरचा सुतार. देश नॉर्वे. तो विलायतेच्याही वर आहे, एवढंच मला तेव्हा कळलं.

वाटेत तो गाडीवानांकडून भाषा शिकला होता. अस्सल वऱ्हाडी, पण गाडीवान बैलांशी बोलतात ती. पहिल्याच दिवशी, सगळ्या बाजारादेखत, तो शेटजींना म्हणाला, "काहून बे सेठ, उभा काहून रायला? चाल!" शेटजींना उभ्या अमरावतीत कोणी 'अरे' म्हटलं नव्हतं. ते मुकाट्याने चालू लागले.

संध्याकाळी पेढीच्या ओट्यावर त्याचा दरबार भरायचा. त्याच्या देशात म्हणे समुद्र डोंगरांच्या मधून थेट आत शिरतो आणि दोन्ही बाजूंचे कडे भिंतीसारखे सरळ उभे असतात. धबधबे इतक्या उंचावरून पडतात की खाली पोचेपर्यंत निम्मं पाणी वाराच घेऊन जातो. आणि देवळं लाकडाची, कित्येक पिढ्यांपूर्वीची, छपरावर अजगरासारखी तोंडं कोरलेली. बर्फात उभी आहेत, वाऱ्यात उभी आहेत, अजून वाकलेली नाहीत. देवळांचं सांगताना हा धिप्पाड माणूस आवाज खाली आणायचा. ती जणू त्यानेच बांधली होती आणि आता नजर लागायची भीती होती.

एकदा त्याने सांगितलं, उन्हाळ्यात तिकडे सूर्य मावळतच नाही. गुलाबभाई गाडीवान विचारात पडले. "मंग रोजा कवा सोडाचा, सायेब?"

लारससाहेब डोकं खाजवत आत गेला. रात्रभर त्याला बहुतेक झोप लागली नसावी, कारण सकाळी तो गुलाबभाईंना शोधत गाडीतळावर गेला आणि म्हणाला, "तिकडं मुसलमानच नाई. फिकर करू नको."

हे सगळं आम्ही मजेने ऐकत होतो. नामदेव पाटलांना मात्र ते लागलं. पाटील दर्यापूरकडचे, काळ्या जमिनीचे धनी, कापूस घेऊन आमच्याच पेढीवर येणारे. वऱ्हाडाला कोणी लहान म्हटलं की त्यांना घरच्या माणसाला म्हटल्यासारखं वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, पण मी कारकून, मी काय बोलणार?

पाटलांनी एक दिवस आपली दमणी जुंपली आणि साहेबाला चिखलदऱ्याला नेलं. सोबत मीही होतो. कड्याच्या टोकाशी उभं राहून पाटील कमरेवर हात ठेवून बघू लागले. दरी जणू त्यांच्याच आजोबांनी खणली होती. साहेबाने डोळा मिटला, अंगठा धरला.

"लहान हाये."

धबधब्याच्या जागी हिवाळ्यामुळे नुसती ओली रेघ होती. "पानी कुठी हाये?" साहेबाने विचारलं.

"पावसाळ्यात ये ना बे!" पाटील ओरडले.

उरला गाविलगड. त्याच्या दरवाजाच्या नक्षीवरून साहेबाने हळूच हात फिरवला. पाटील पुढे झुकले, मीही. मग तो अंगठा वर आलाच. "दगडाचं हाये. लाकडाचं करून दाखव."

पाटलांनी तिथल्या तिथे डोक्यावरचा फेटा उतरवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा मानूस वऱ्हाडातल्या कोन्या बी एका गोष्टीले मोठं म्हनत नाई, तवरक मी डोक्याले फेटा लावनार नाई. अन् खबरदार, त्याले सांगसान तं! मांगून घेतलेली तारीफ मले नोको."

पाटील बोडक्या डोक्याने बाजारात फिरू लागले. लोक हळू आवाजात विचारायचे, घरात कोण गेलं? साहेबानेही विचारलं. "गरमी होते," पाटील म्हणाले. तेव्हा सगळे शेकोटीभोवती बसले होते.

खरा घोर पुढेच होता. फाल्गुनात पाटलांच्या लेकीचं लग्न होतं. पाटलीणबाई थेट पेढीवर आल्या आणि माझ्यावरच बरसल्या. "भर मांडवात बोडक्या डोक्यानं पोरीचा हात देतीन का हे? व्याही काय म्हनतीन? तुमी शिकलेले मानसं, सांगून टाका ना त्या सायबाले!" पण मी शब्द देऊन बसलो होतो. मी नुसता टाक खाली-वर करत राहिलो.

लग्नाला दोन दिवस उरले आणि साहेब आपणहून पाटलांच्या गावी हजर झाला. मांडव घालायचा तर सुतार नको का? सदरा काढून, मेढींच्या खड्ड्यांची जागा बघून त्याने पहार मागितली. ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली आणि खाली खडक फोडायचा असल्यासारखी सगळी ताकद लावून हाणली.

आमची काळी जमीन फाल्गुनात भेगाळते. पहार नेमकी भेगेत गेली, आणि पहारीमागून साहेब. तो तोंडावर आपटला. पोरीबाळी खिदळल्या, गुलाबभाई पोट धरून बसले.

साहेब मात्र उठला नाही. पालथा पडल्या पडल्या त्याने भेगेत अंगठा घातला. मग पंजा घातला, कोपर गेलं, थेट खांद्यापर्यंत हात आत गेला. आत तो काहीतरी चाचपत होता.

"पाटील, दगड कुठी हाये?"

"दगड नाई. माह्या आज्याले बी लागला नाई."

साहेब उठून मातीतच बसला. त्याची ती बैलांची भाषा त्या दिवशी फार हळू झाली. त्याच्या गावी माती नाही, तो सांगू लागला. डोंगर आहे, समुद्र आहे, धबधबा आहे, अन् त्या सगळ्यांच्या मध्ये चटईएवढं शेत. बर्फ वितळलं की शेतातली माती खाली वाहून येते. मग त्याची माय पाठीवर पाटी घेऊन तीच माती परत वर न्यायची. दर साली. खाली यायची, भरायची, चढायची. भाऊ सगळे अमेरिकेला गेले, तो जहाजावर चढला, माय वर एकटी राहिली.

"धबधबा लय मोठा हाये," तो म्हणाला. "पन माय धबधबा खाते का?"

त्याने मूठभर माती उचलली. डोळा मिटला नाही, अंगठाही धरला नाही. "हे मोठं हाये, पाटील. लय मोठं हाये. मायनं पायलं असतं तं इथंच बसून रायली असती."

मी पाटलांकडे पाहिलं. इतके महिने उघड्या डोक्याने हिंडून मिळवलेली जीत समोर बसली होती, आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती. मला वाटलं, आता ते अंगण दणाणून सोडतील. पण ते साहेबाजवळ उकिडवे बसले आणि त्याच्या दंडाची माती आपल्या धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

पाटलीणबाई धावतच आतून फेटा घेऊन आल्या. पाटलांनी तो हातात घेतला, साहेबासमोर उभे राहिले, डावा डोळा मिटला, हात ताठ काढून अंगठा धरला आणि साहेबाचं डोकं मापलं.

"लहान हाये," ते म्हणाले, आणि आपला फेटा त्याच्या डोक्याला बांधू लागले.

साहेब हसत होता आणि त्याच्या गालांवरच्या काळ्या मातीत पाण्याच्या रेघा उमटत होत्या. शेवटचा पेच खोचून झाल्यावर पाटलांनी घरात हाक दिली, "अवं, आता माह्यासाठी दुसरा आन!"