लिंबू-टिंबूंची फायनल

मोबाइल गेमच्या स्पर्धेचे नियम लिहायला मुकुंदरावांना नऊ दिवस लागले. त्यांतले तीन दिवस गेम समजून घेण्यात गेले आणि सहा दिवस त्यात लबाडी कशी करता येईल, याची यादी करण्यात. बत्तीस वर्षं शाळेत खो-खो शिकवल्यामुळे दुसरं काम त्यांना जास्त आवडलं.

नियमांची गरज होती. गेल्या वर्षी दाना ओली मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. इंदरगंजच्या विक्रमसिंहाने नवं अकाउंट उघडून नवशिक्यांच्या गटात नाव दिलं आणि अकरा मिनिटांत आठवीतल्या मुलांचे चार संघ संपवले. पालक स्टेजवर चढले. तीन खुर्च्या मोडल्या. कमिटीने ठरवलं, अजून एक वर्ष बघू. निकालावर दोन्ही कॅप्टनांच्या सह्या झाल्या आणि एकाही खेळाडूची लेखी तक्रार आली नाही, तर स्पर्धा राहील. नाहीतर तो वेळ अंताक्षरीला. तरुण मुलं मंडळात फिरकतात ती या स्पर्धेपुरतीच, हे मुकुंदरावांना माहीत होतं. अंताक्षरीला गेल्या वर्षी सात जण होते आणि त्यांत तबलेवाला धरलेला होता.

या वर्षी प्रत्येकाला मुकुंदरावांसमोर दहा मिनिटं खेळून दाखवावं लागलं. अकाउंट कुणाचं, रँक काय, हे त्यांनी विचारलंच नाही. हात बघून त्यांनी गट ठरवले, नवे आणि मुरलेले. संघात लांब पल्ल्याची बंदूक एकालाच, आणि तीही संघातल्या सर्वांत तरबेज खेळाडूला नाही.

"काका, ये तो गलत है ना," विक्रमसिंह म्हणाला. "मी स्नायपर आहे. माझ्याला दुसरं काही येतच नाही."

"मग या वर्षी शिकशील," मुकुंदराव म्हणाले.

आठवा नियम मात्र त्यांच्या खास आवडीचा होता. प्रत्येक संघात साठीच्या पुढचा एक लिंबू-टिंबू हवा. त्याच्या हातात बंदूक नाही, फक्त औषधाची पिशवी. त्याला गोळी लागली तर तो दहा सेकंद खाली बसेल आणि पुन्हा उठेल. तो बाद होणार नाही. मंडळाचा सेक्रेटरी अभिराम कॉम्प्युटरवर बसला होता. त्याने तसं सेटिंग करून दिलं. मैदान आकसत नेणारं वर्तुळही त्याने मुकुंदरावांच्या सांगण्यावरून बंद केलं.

"काका, वर्तुळ नसलं तर गेम लांबतो," अभिराम म्हणाला.

"खेळ चालू असताना मैदान लहान करतात का? खो-खोत कधी पाहिलंयस?"

अभिरामने खो-खोच पाहिला नव्हता.

मुरलेल्यांची फायनल शनिवारी सहा वाजता सुरू झाली. एका बाजूला गरिमाचा दाना ओलीचा संघ, लिंबू-टिंबू शालिनीताई. दुसऱ्या बाजूला विक्रमसिंहाचा इंदरगंजचा, लिंबू-टिंबू विमलताई. दोघी अठ्ठ्याहत्तरच्या. हॉलच्या दोन टोकांना दोन संघ बसले होते आणि कानांत हेडफोन होते. समोरच्या पडद्यावर सगळं मैदान दिसत होतं. ज्याचा माणूस मैदानात शेवटपर्यंत उरेल, तो संघ जिंकणार.

सामना उत्तम झाला. विक्रमसिंहाने जवळच्या पल्ल्याची बंदूक घेऊनही तिघांना टिपलं. सहा वाजून बावीस मिनिटांनी तो आणि गरिमा एका पुलावर समोरासमोर आले, दोघांनी एकदम गोळ्या झाडल्या आणि दोघंही पडले. टाळ्या झाल्या. मुकुंदरावांनी निकालाचं पान उघडलं.

"काका," अभिराम म्हणाला, "गेम चालू आहे."

मैदानात दोन लिंबू-टिंबू उरले होते. दोघींच्या हातात बंदूक नव्हती आणि दोघी बाद होऊ शकत नव्हत्या.

"आजी, पाण्याकडे जाऊन बघा ना, बस एक बार," विक्रमसिंहाने विमलताईंना विनवलं.

"पाण्यात कशाला? मी जिंकतेय ना?"

"आपण नाही, त्यांना पाण्यात न्यायचंय. गोळीने नाही, तर बुडून बाद होतील."

विमलताईंनी सगळ्यांना ऐकू जाणारा माइक चालू केला. "शालू, पाण्यात येतेस का?"

"चल की," शालिनीताई म्हणाल्या. "पण वाट कुठून आहे?"

दोघी पाण्यात गेल्या, बुडाल्या, दहा सेकंदांनी वर आल्या. मग एका दुमजली घराच्या गच्चीवर चढल्या. विमलताई चुकून खाली पडल्या आणि बसून राहिल्या. शालिनीताईंनी उतरून औषधाची पिशवी काढली, पण दुसऱ्या संघाला औषध चालत नव्हतं.

"लागत नाही गं तुला हे. तू बस, मी उभी राहते."

"हे घर जाधवांच्या घरासारखं आहे बघ," विमलताई म्हणाल्या. "गच्चीतून लगोरी पाहायचो आपण."

"पाहायचो कसलं, तू वरून चेंडू पळवायचीस. आणि लग्न करून गेलीस ती परत आली नाहीस."

"तूच आली नाहीस. इंदरगंज काय विलायतेत आहे?"

"बाड्याच्या चौकातून टांगा मिळायचा तेव्हा आले होते चार वेळा. मग टांगेच बंद झाले."

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. पडद्यावर दोन सैनिक ओसाड गावातून हळूहळू चालले होते आणि कुठल्या वळणावर कुणाचं दुकान होतं, ते एकमेकांना सांगत होते. एका पडक्या भिंतीपाशी शिंप्याचं दुकान ठरलं. विहिरीजवळ पिठाची गिरणी. मागून कुणीतरी म्हणालं, "गिरणी अलीकडे होती." सैनिक दोन पावलं अलीकडे सरकले.

सात वाजून दहा मिनिटं झाली. आरती साडेसातला होती. मुकुंदरावांनी स्वतःचे नियम दोनदा वाचले. बरोबरीची सोय नव्हती. जो मैदान सोडेल तो हरला, हेही त्यांनीच लिहिलं होतं. नाणं उडवलं तर तक्रार नक्की होती.

त्यांनी माइक घेतला. "शालिनीताई, विमलताई, वेळ झाली. काहीतरी ठरवायला हवं."

"मुकुंद, तू आमच्यात लिंबू-टिंबू होतास," शालिनीताई म्हणाल्या. "पाच वर्षं होतास. तेव्हा खेळ कसा संपायचा?"

हॉल हसला. मुकुंदराव हसले नाहीत. ते आठवत होते.

"कुणाची तरी आई हाक मारायची," ते शेवटी म्हणाले.

पडद्यावरचे सैनिक थांबले. मग मुकुंदरावांनी घसा खाकरला.

"शालू, विमल," ते म्हणाले. "दिवे लागले. घरी चला."

दोघींनी एकदम बाहेर पडायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या हिशेबाने विमलताई शून्य दशांश चार सेकंदांनी उशिरा निघाल्या होत्या. इंदरगंज जिंकलं.

मुकुंदरावांनी श्वास रोखून रजिस्टर गरिमापुढे सरकवलं. तिने सही केली. विक्रमसिंहाने तिच्याखाली केली आणि म्हणाला, "काका, सही है. पुढच्या वर्षी आजीला मीच घेणार, हां."

आरती झाली. प्रसादाच्या रांगेत अभिरामने मुकुंदरावांच्या हातात एक कागद ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. कागदावर दोन वेगवेगळ्या अक्षरांत एकच तक्रार होती. आमचा खेळ मध्येच थांबवला. अर्ध्या गावात आम्ही गेलोच नाही. फायनल पुन्हा घ्यावी. खाली दोन सह्या.

"संपलं, काका," अभिराम म्हणाला. "लेखी तक्रार. कमिटी आता अंताक्षरीच ठेवणार."

मुकुंदरावांनी कागद दोनदा वाचला. कमिटीची अट त्यांना शब्दशः पाठ होती.

"कुणाच्या तक्रारीने स्पर्धा बंद होते?"

"खेळाडूच्या."

"लिंबू-टिंबू बाद झाला तर आपण धरतो का?"

"नाही."

"मग त्याची तक्रारही धरत नाही," मुकुंदराव म्हणाले. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि तो खिशात ठेवला. "पण खेळायला घेतो. उद्या चार वाजता हॉल रिकामा आहे का बघ. आणि दोघींना सांग, चष्मे घेऊन या म्हणावं."