चार सेकंदांचे पाहुणे

सुरवाडे नानांच्या मोबाईलवर आलेला सहा आकडी कोड तुम्हाला हवा असेल, तर आधी तुम्हाला त्यांना एक नंबर द्यावा लागतो. कुठलाही चालतो, दोन आकडी असला म्हणजे झालं. तो ते डायरीत लिहितात, पुढे वेळ टाकतात, तुम्हाला परत म्हणून दाखवतात आणि मग चष्मा शोधायला लागतात. चष्मा सापडेपर्यंत कोडची मुदत संपलेली असते.

पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस संशयी आहे. म्हटलं, नाना, बरोबर आहे तुमचं, बँकवाले सांगतातच की कोड कुणाला देऊ नका. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बँक म्हणते देऊ नका. रेल्वे म्हणते द्या, पण समोरच्याचा नंबर घेऊन द्या. मी रेल्वेचा माणूस आहे."

नाना भुसावळच्या पुढे एका लहानशा स्टेशनाच्या केबिनमध्ये होते. तिथे म्हणे गाडी सोडण्याआधी दोन्हीकडच्या माणसांनी फोनवर एकमेकांना एकेक गुप्त नंबर द्यायचा, लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा, की मगच सिग्नल पडायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. केबिन सुटली, पण नंबर सुटला नाही.

आता माझी बाजू सांगते. मी जळगावात लोकांच्या वेबसाईटी सांभाळते. साईटवर किती जण आले, कुठून आले, किती वेळ थांबले, याची मोजदाद अ‍ॅनालिटिक्सच्या खात्यात आपोआप होत असते. ते खातं आमच्या डॅशबोर्डला जोडून दिलं की गिऱ्हाइकाला सगळा रिपोर्ट मोबाईलवर, सोप्या भाषेत दिसतो. जोडणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. खात्याच्या मालकाने 'परवानगी द्या' म्हणायचं आणि फोनवर आलेला कोड टाकायचा. या दोन मिनिटांना नानांकडे तीन दिवस लागले.

साईट खरं तर नानांच्या सुनेची, वर्षाताईंची. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि शेवभाजीचा मसाला विकतात त्या. पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करायच्या, लग्नानंतर इकडे आल्या. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात, त्याच्या पाळ्या, म्हणून घरात बहुतेक वेळ सून आणि सासरे दोघंच. साईट त्यांनी स्वतः बनवली, पण खातं उघडताना घरातला मोठा माणूस म्हणून मालकाच्या जागी नानांचं नाव आणि नानांचा फोन टाकला. मान दिला आणि पायावर धोंडा पाडून घेतला, माझ्या.

नाना 'हो' म्हणत नाहीत. 'लाईन क्लिअर' म्हणतात. चहा पुढे ठेवला तर आधी कप, मग बशी, मग बिस्किटं पाहून घेतात आणि म्हणतात, लाईन क्लिअर. वर्षाताई स्कूटर बाहेर काढतात तेव्हा नाना गेटबाहेर गल्लीच्या मधोमध उभे राहतात. दोन्ही बाजू बघून हात सरळ वर करतात, आणि तो हात वर जाईपर्यंत स्कूटर हलत नाही. दूधवाला, भाजीची गाडी, शाळेची रिक्षा, सगळी थांबतात. कोपऱ्यावरचे शिंपी सलीमभाई मला म्हणाले की पहिल्यांदा त्यांना राग यायचा, पण आता नाना दिसले नाहीत तर तेच दोन्हीकडे बघून थांबतात. सवय लागली.

चौथ्या दिवशी नाना स्वतः माझ्या ऑफिसात आले. इस्त्रीचा बुशकोट, खिशाला दोन पेनं, आणि चष्मा दोरी बांधून गळ्यात. मी दारातच त्यांना सत्तावीस हा नंबर दिला. त्यांनी लिहून घेतला आणि कोड वाचून दाखवला. खातं जोडलं गेलं. मला इतका आनंद झाला की खालून चहा मागवला.

चहा येईपर्यंत म्हटलं रिपोर्ट बघून घेऊ, आणि बघते तर सगळं विचित्रच. साईटवर कित्येक दिवस चिटपाखरू नाही. मग एखाद्या दिवशी दुपारी साडेबारा ते दीडच्या मध्ये एकदम तीसचाळीस माणसं. प्रत्येक जण थांबला चार सेकंद. चार सेकंदांत बिबडी तळूनसुद्धा होत नाही. आली, टेकली, गेली. काही विकत घेणं नाही, मसाल्याचा भाव बघणं नाही. मी नकाशा उघडला तर मागच्या रविवारची एकेचाळीस माणसं इंदूरची.

आता हे मला ठाऊक असतं की मोबाईलवरून साईट उघडली तर नकाशा गाव चुकवतो, भलत्याच शहरात ठिपका टाकतो. पण मी गंमत म्हणून म्हटलं, नाना, इंदूरला तुमच्या बिबड्यांचं चांगलं नाव झालेलं दिसतंय.

नानांनी चष्मा चढवला, स्क्रीनजवळ आले. त्यांचा चेहरा बदलला. चुकीच्या स्टेशनाचं नाव लिहिलेलं त्यांना बघवेना.

"हाई इंदूर नही ताई, नरडाणं शे. मी तठेच व्हतू."

चहा आला, बशीत ओतला गेला, पण लाईन क्लिअर काही म्हटलं गेलं नाही. अशा वेळी न विचारणं बरं असतं, समोरचा आपणच बोलतो.

मग सगळं बाहेर आलं. नरडाण्याला त्यांच्या मावसभावाच्या नातीचं लग्न होतं. पंगत बसली की नाना उठायचे आणि एका टोकापासून सुरुवात करायचे. भाऊ, मोबाईल काढा. हे उघडा. उघडलं? आता बंद करा. पुढचा. ते कुणाला बिबड्या घ्या असं म्हणत नव्हते. त्यांच्या मते ते काम वेगळ्या खात्याचं. नानांचं काम फक्त गाडी येऊन गेल्याची नोंद करण्याचं. लग्न असो, बारसं असो, वरणगावला कुणाच्या नोकरीतल्या निरोपाचा समारंभ असो, नाना सोडत नव्हते. शेजारच्या पाटलांकडच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या जेवणालाही त्यांनी अठरा जणांकडून साईट उघडून घेतली होती. मी डोक्याला हात लावला, तेव्हा ते घाईने म्हणाले की तिथे मात्र जेवणं पूर्ण होऊ दिली होती.

"बठ्ठा आकडा मन्हाच शे," ते खाली बघून म्हणाले. सगळा आकडा त्यांचाच.

मला हसू आवरेना आणि वाईटही वाटत होतं. पण धंदा म्हणजे धंदा. मी त्यांना समजावलं की आमच्या डॅशबोर्डमध्ये घरच्या माणसांच्या आणि अशा ओढून आणलेल्या भेटी वगळायची सोय असते, आणि ती मी सगळ्यांनाच लावते. नाहीतर वर्षाताईंना खोटा आकडा दिसत राहील. त्या बिचाऱ्या त्या आकड्याच्या भरवशावर उद्या काहीतरी मोठं करायला जातील आणि तोंडघशी पडतील.

नाना उठून उभे राहिले. पुढचं बोलले ते अगदी हळू, "वगळू नका ताई. आकडा पडना ते ती बंद करी टाकी. आनि तिले काही सांगू नका."

मी म्हटलं, बघते. असं 'बघते' म्हणणाऱ्या माणसाच्या भरवशावर रेल्वेत कुणी गाडी सोडत नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्ड उघडला तर सुरवाड्यांच्या नावापुढे लाल पट्टी. मालकाने परवानगी काढून घेतली आहे. ज्या माणसाला परवानगी द्यायला तीन दिवस लागले होते, त्याने ती घरी बसून, एकट्याने, एका रात्रीत काढली होती. मी काय काय दाबते ते त्यांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं असणार.

आता वर्षाताईंना काय सांगायचं? खोटं बोलायची माझी तयारी नव्हती, आणि खरं सांगितलं तर त्या म्हाताऱ्याची सगळी धडपड मातीत जात होती. दोन दिवस मी फोन टाळला. तिसऱ्या दिवशी स्वतःलाच लाज वाटली आणि मी त्यांच्या घरी गेले. नाना कुठल्याशा साखरपुड्याला गेले होते. वर्षाताई गच्चीवर बिबड्या उलटत होत्या. मी पण बसले उलटायला, आणि हात चालू ठेवून सगळं सांगून टाकलं. नरडाणं, पंगत, चार सेकंद, गंधमुक्ती. म्हटलं, ताई, तुमच्या साईटवर येणारे जवळजवळ सगळे नानाच आहेत.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

माझ्या हातातली बिबडी तुटली.

त्यांनी जे सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी नानांची बायको गेली. त्यानंतर दीड वर्ष नाना गल्लीच्या पलीकडे गेले नाहीत. लग्नपत्रिका यायच्या, ते त्या नीट वाचून फ्रिजवर रचून ठेवायचे. नातेवाईक आग्रह करून थकले. जोडीने जायची सवय, एकट्याने मांडवात शिरायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं. एकदा जेवताना वर्षाताई सहज बोलून गेल्या की साईटवर कुत्रंही फिरकत नाही, बंद करून टाकावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी बुशकोट काढून इस्त्री केला, फ्रिजवरच्या पत्रिका चाळल्या आणि भुसावळला एका बारशाला निघून गेले. त्या दिवशी आकडा सात होता.

"त्यांना वाटतं, ते माझी साईट चालवतात," वर्षाताई म्हणाल्या. "चालवू दे की. माझी खरी गिऱ्हाईकं मला फोन करतात, ती मी मोजलेली आहेत. कमी आहेत, पण आहेत."

मी विचारलं, मग हा डॅशबोर्ड कशाला? आकडा काय आहे ते तर तुम्हाला ठाऊकच आहे.

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. म्हणाल्या की नाना बाहेर असले की फोन उचलत नाहीत. ड्युटीवर खासगी फोन घ्यायचा नाही, हा त्यांचा जुना नियम. पासष्टी ओलांडलेला माणूस एसटीने एकटा जातो, जीव टांगणीला लागतो. मग दुपारी आकडा हलला की कळतं, नाना सुखरूप आहेत, पंगतीत फिरताहेत, चार माणसांशी बोलताहेत. त्यासाठी त्या दर वेळी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून राहायच्या. इकडे चुलीवरचं करपायचं. मोबाईलवर दिसलं तर बरं, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

"ते वगळायचं बटण आहे ना तुमचं," त्या म्हणाल्या, "ते आमच्यापुरतं लावू नका."

मी नाही लावलं. कामाच्या नियमात हे बसत नाही हे मला कळतं, आणि माझ्याकडच्या बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना मी तो नियम काटेकोर लावते. त्या संध्याकाळी नानांना फोन केला, जयभीम केला, आणि म्हटलं की घरच्यांना वगळत नाही, वर्षाताईंना आकडा आहे तसाच दिसेल. त्यांनी माझा नंबर मागितला, लिहून घेतला आणि पहिल्याच फटक्यात कोड दिला.

आता रविवारी दुपारी मलाही चैन पडत नाही. मागच्या रविवारी नाना शिंदखेड्याकडे एका लग्नाला गेले होते. साडेबारा झाले, आकडा शून्य. एक वाजला, शून्य. मी ताट वाढून घेतलं होतं, पण मोबाईल काही खाली ठेवला नाही. सव्वाला शून्य. दीड वाजायला आला तेव्हा मला खरोखर भीती वाटली, वर्षाताईंना फोन लावावा की नको ते कळेना. मग आकडा तीन झाला. लगेच नऊ. बघता बघता सव्वीस.

वर्षाताईंचा मेसेज आला. एकच शब्द होता, 'पोचले'.

मग मी जेवायला बसले.