उभं झालं, आता आडवं

दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दहा-बारा जण अनगोळच्या पलीकडच्या राईत जमतो. हातात मोजे, खांद्यावर रिकामी पोती आणि समोर आठवडाभराचा कचरा. तरी कुणी वाकत नाही. कारण गुंडू अण्णा अजून राईच्या कडेला उभे असतात, डावा डोळा मिटून. मागावरून उतरलेली साडी उजेडाला धरून बघावी, तसे ते झाडांखालच्या जमिनीकडे बघत असतात. मग मिटलेला डोळा उघडतो, हात वर जातो आणि हुकूम सुटतो.

"आधी उभं, मग आडवं. मधनंच तिरकं कुणी जायाचं न्हाई!"

शहापूरच्या गल्लीत चाळीस वर्षं हातमाग चालवलेला हा माणूस. उभा धागा आणि आडवा धागा यांच्यापलीकडे जगात आणखी एखादी दिशा आहे, हे त्यांना मान्य नाही. म्हणून आम्ही हातभर अंतर ठेवून रांग धरायची, रस्त्याकडून तळ्याकडे जायचं, तळ्याकडून परत यायचं आणि तीच जमीन पुन्हा डावीकडून उजवीकडे पालथी घालायची. आमच्यात एक निवृत्त मास्तर आहेत. एकदा लांब पडलेली बाटली बघून ते रांग सोडून धावले.

"मास्तर, धागा तोडलासा," अण्णा ओरडले. "फिरा माघारी. पयल्यापासनं."

मास्तरांनी आयुष्यभर कितीतरी पोरांना बाकावर उभं केलं असेल. त्या दिवशी ते मुकाट्यानं रस्त्यापर्यंत परत गेले.

मोठ्या कचऱ्यात अण्णांना रस नाही. फाटकी गादी, गाडीचा टायर, "त्ये काय, कुणालाबी दिसतंय." त्यांचा जीव अडकलाय कोपऱ्यांत. दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, शाम्पूचं पाकीट, काहीही फोडताना आपण चिमूटभर कोपरा फाडून भिरकावतो ना, तो कोपरा. पिशवी सापडली की अण्णा विचारणार, "हिचा कोपरा कुठाय?" आणि तो मिळेपर्यंत पिशवी पोत्यात जाऊ देणार नाहीत. "घरातनं दोघं संगं आल्यात. एकट्याला कसं न्यायचं?" आमच्या सगळ्यांच्या घरी आता दुधाच्या पिशवीला नुसती चीर देतात, कोपरा कुणी तोडत नाही. एवढा धाक आहे.

एकदा आमच्या सीमाभागातले एक पुढारी फोटो काढून घ्यायला आले. पांढरेशुभ्र कपडे, कोरे मोजे, मागं दोघे मोबाईलवाले. पाच मिनिटांत उरकून पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. अण्णांनी त्यांच्या हातात तेलाची रिकामी पिशवी ठेवली आणि फार नम्रपणे म्हणाले, "सायेब, हिचा तेवढा कोपरा बघा." साहेब हसले. अण्णा हसले नाहीत. मग साहेब वाकले, मग गुडघ्यावर बसले, मग दोन्ही हातांनी पाला चाळायला लागले. वीस मिनिटं मोबाईलवाल्यांना साहेबांची फक्त पाठ मिळाली. कोपरा सापडला तेव्हा, आल्या आल्या मराठीत भाषण ठोकलेले साहेब आनंदात कानडीत ओरडले, "सिक्तु! सिक्तु!" अण्णांनीही कानडीतच "छलो आतु", छान झालं, म्हणून शाबासकी दिली आणि लगेच दुसरी पिशवी पुढे केली.

काम संपलं की पोती बांधायची. तिथंही अण्णांचं राज्य. कुठलं पोतं कुणी बांधलं, हे ते नुसत्या गाठीवरून सांगतात. "ही मास्तरांची. सात येढं घातल्यात, तरी सुटणार. ही ब्यांकवाल्याची. बांधताना बी निम्मी सुतळी शिल्लक ठेवलीया."

माझ्या पहिल्या रविवारी ते माझ्या पोत्यापाशी आले. दोन वेढे, एक फास आणि टोक आत खुपसलेलं. अण्णा उकिडवे बसले आणि दोन बोटांनी गाठ चाचपली.

"ही कुणी शिकिवली रं?"

"आत्यानं. निपाणीला तंबाखूच्या वखारीत होती. पोती बांधायची."

"हं," एवढंच म्हणाले. डावा डोळा मिटला, उघडला आणि पुढच्या पोत्याकडे गेले.

आता मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी त्या राईत समाजसेवेसाठी गेलो नव्हतो.

राईच्या टोकाला एक पिंपळ आहे. घर बदललं, काच फुटली, रंग उडाला, की लोक देवांच्या तसबिरी त्याच्या बुंध्याशी आणून ठेवतात. कचऱ्यात टाकायची हिंमत नसते आणि घरात ठेवायची इच्छा नसते. मीही तेच केलं होतं. मच्छे गावातल्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं काढल्यावर आम्ही भाड्याचं घर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. जुन्या चार तसबिरी मी एकावर एक रचून सुतळीनं बांधल्या. पाचवी चौकट आत्याच्या फोटोची होती. ती चुकून गेली, असं मी सुनंदाला, माझ्या बायकोला, सांगितलं.

ती चुकून गेली नव्हती. गाठ मारताना मला दिसली होती. चौकटीचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. नव्या भिंतीवर हे कसं दिसेल, असं मनात आलं. शिवाय बांधलेलं सोडायचा कंटाळा आला. मी गाठ आवळली आणि शुक्रवारी सकाळी गठ्ठा पिंपळाखाली ठेवून आलो.

आत्या लहानपणीच विधवा झालेली. मूलबाळ नाही. मला सहावीपासून तिनं निपाणीला आपल्याजवळ ठेवलं. दिवसभर वखारीतली तंबाखूची धूळ खाऊन यायची, खोकत खोकत माझ्या कविता पाठ करून घ्यायची. तिच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, "जेवलास काय रं?" पास झालो तरी तोच, नापास झालो तरी तोच. ती गेल्यावर तिचा फोटो लावणारा जगात मी एकटाच होतो, आणि मी तो सुतळीनं बांधून झाडाखाली सोडला.

सोमवारी राहवेना म्हणून राईत गेलो, तर बुंध्याशी काही नव्हतं. तळ्यावर म्हशी धुणारा एकजण म्हणाला, "रविवारची मंडळी उचलत्यात." म्हणून पुढच्या रविवारी मी मोजे घालून हजर झालो. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, एका बाईचा फोटो सापडला काय? पण फोटो मागायचा म्हणजे तो इथं कुणी ठेवला हे सांगायचं. ते वाक्य मला आठ महिने बोलता आलं नाही.

त्यातून अण्णांनी पहिल्याच दिवशी रांगेतली माझी पट्टी ठरवून टाकली. "सुरेश, तू पिंपळाखालनं." दर रविवारी पिंपळाखालनं. मी तिथं वाकायचो आणि कानात आत्या विचारायची, जेवलास काय रं. तिनं एकदा तरी रागवायला हवं होतं.

नव्या तसबिरी दिसल्या की अण्णा त्यांच्याशी बोलायचे. "चला देवा, उठा. लई दिस बसलासा." घरी नेऊन काच वेगळी करायचे, लाकूड वेगळं, आणि कागद भिजवून मोगऱ्याच्या कुंडीत घालायचे. आत्याही त्याच कुंडीत गेली असेल, असं वाटायचं. एकदा धीर केला.

"अण्णा, माणसांचे फोटो पण येतात काय हो?"

ते पाल्यात कसलासा कोपरा शोधत होते. "येत्यात की," म्हणाले. मान वर केली नाही. आणि पुढचा प्रश्न मी पुन्हा गिळला.

मग एका रविवारी अण्णा आलेच नाहीत. आम्ही पंधरा मिनिटं नुसते उभे राहिलो. डोळा मिटून बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाला वाकता येईना. शेवटी मास्तरांनी हात वर करून बघितला, पण हुकूम काही जमला नाही. कुणी इकडून, कुणी तिकडून, कसंबसं उरकलं. गुडघा सुजल्यामुळे अण्णा घरीच आहेत, असं कळलं. मी तसाच शहापूरला गेलो.

गल्लीत शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. अण्णांच्या पुढच्या खोलीतला हातमाग मात्र गप्प. त्याच्यावर धोतर आणि दोन बनियन वाळत घातलेले. अण्णा खाटेवर, गुडघ्याला कसलासा लेप.

"ये. राई झाली?"

"झाली."

"उभं?"

"झालं."

"आडवं?"

मी चपला काढायला वाकलो.

"वाटलंच," अण्णा म्हणाले.

मी बसायला म्हणून वळलो आणि समोरची भिंत दिसली. शेकडो देव घरी आणणाऱ्या या माणसाच्या भिंतीवर एकही देव नव्हता. एकच फोटो होता. वाळवीनं खाल्लेला कोपरा लाकडाचा भुसा आणि सरस भरून गुळगुळीत केलेला. काच लख्ख. वर मोगऱ्याचं एक फूल. आणि चौकट खिळ्याला अडकवली होती ती सुतळीनं. दोन वेढे, एक फास, टोक आत खुपसलेलं.

"गाठ सोडली न्हाई म्या," मागून अण्णा म्हणाले. "फ्रेमा तेवढ्या वडून काढल्या. एवढी चांगली गाठ, तोडू वाटंना."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू पयल्या रविवारी पोतं बांधलंस तवाच."

मी खाटेच्या कडेवर बसलो. मग जे आठ महिने अडकलं होतं ते निघालं. "अण्णा, चुकून गेली नाही ती. मला दिसली होती. बघून बांधली मी."

"त्ये बी कळलं," अण्णा शांतपणे म्हणाले. "चुकून गेली असती तर तू पयल्याच दिशी इचारलं असतंस."

मी विचारलं, "मग मला लगेच का दिली नाही?"

अण्णा पांघरुणाची सुरकुती सरळ करत राहिले. आधी उभी, मग आडवी.

"दिली असती तर फुडच्या रविवारी आला असतास?"

शेजारचा यंत्रमाग थांबला होता, त्यामुळे हे फार मोठ्यांदा ऐकू आलं.

"आणि खरं सांगू? बायको गेल्यापासनं घरात सांगायला कोण न्हाई. रविवारी राईतनं आलो की ह्या फोटूतल्या आक्काला सांगतो. उभं झालं, आडवं झालं, एवढं एवढं कोपरं गावलं. ती काय बोलत न्हाई. पर ऐकती बघ, तोंडावरनं कळतंय." जरा थांबून म्हणाले, "कवाबवा वाटतंय, जेवलास काय म्हणून इचारालीया."

आत्याचा हा प्रश्न मी अण्णांना कधीच सांगितला नव्हता.

मी नको नको म्हणत असताना अण्णा दुखऱ्या गुडघ्यानं उठले, फोटो स्वतः काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि तो माझ्या हातात दिला. "जा घेऊन. तुझी हाय." भिंतीवर चौकटीएवढा स्वच्छ चौकोन राहिला. त्याच्याकडे ते दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होते.

घरी दारातच मी सुनंदाला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हॉलमधे आठ महिनं एक खिळा रिकामा ठेवलाय मी. टीव्हीवाल्याला बी त्येच्यावर काय लावू दिलं न्हाई. तो कशाला ठेवला असंल असं तुम्हाला वाटलं?" मी काखेतला फोटो बाहेर काढला. "द्या हिकडं," म्हणाली आणि स्टुलावर चढली.

दोन रविवारांनी अण्णांचा गुडघा बरा झाला. राईचं काम संपल्यावर मी त्यांना गाडीवर मागं बसवून आमच्या घरी आणलं. त्यांनी दारात चपला काढल्या आणि कुणाशी काही न बोलता सरळ भिंतीसमोर उभे राहिले. डावा डोळा मिटला.

"डावीकडं उतरलीया," म्हणाले आणि चौकट केसभर वर सारली. मग मी तिथं नाहीच अशा थाटात म्हणाले, "आक्का, उभं झालं. आडवं झालं. कोपरं समदं गावलं, एक सोडून."

सुनंदा पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अण्णा, जेवलासा काय?"

अण्णांनी आधी फोटोकडे बघितलं, मग सुनंदाकडे. "न्हाई," म्हणाले. मग खिशातून दुधाची एक रिकामी पिशवी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"हिचा कोपरा फुडच्या रविवारी बघायचा. तुझ्या पट्टीतली हाय."

ती पिशवी मी धुऊन, घडी घालून आत्याच्या फोटोमागं ठेवली आहे. रविवारी घेऊन जाणार आहे.