मिशीच्या केसाचा बोगदा

माझ्या स्वयंपाकघरात धुळीचा एक कण शोधून दाखवा, मिशी उतरवतो!

हे मी माझ्या मुलीला तोंडावर, ओट्यावर हात आपटून सांगितलं होतं. आणि मिशी म्हणजे ऐरीगैरी नव्हे. साठी उलटली तरी काळीभोर, टोकांना पीळ. बायको गेल्यापासून या घरात ऐटीत उभी राहिलेली तेवढी एकच गोष्ट.

त्याचं असं झालं. माझी मुलगी एका प्रयोगशाळेत नखाएवढी यंत्रं बनवते. यंत्र म्हणजे चाकं नाहीत, पट्टे नाहीत. पारदर्शक रबराचा एक तुकडा आणि त्याच्या पोटात केसासारख्या बारीक नळ्या. त्यात रक्ताचा थेंब सोडला की तो आतल्या आत फिरतो आणि आजार काय ते सांगतो. पूर्वी असल्या नळ्या काचेत, सिलिकॉनमध्ये आम्लाने कोरायचे. फार वेळ जायचा. आता साचा एकदा बनवायचा, त्यावर पातळ रबर ओतायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं आणि घट्ट झालं की सोलून काढायचं.

"म्हणजे केकच की!" मी एकदा म्हणालो.

"हो बाबा. इतकी वर्षं शिकून मी केक करते," ती म्हणाली. टोमणा मारायची सवय तिला आईकडून आलीय.

त्या दिवशी दुपारी तिचं काम बघायला बाहेरून पाहुणे येणार होते आणि नेमका सकाळीच प्रयोगशाळेतला ओव्हन बंद पडला! ती धावत माझ्याकडे आली, कारण आमच्या हिचा ओव्हन माझ्याकडे आहे आणि माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर.

"बाबा, धूळ अजिबात चालणार नाही हं. आपला धुळीचा कण म्हणजे त्या नळीत दगड."

तेव्हा मी ती मिशीची पैज मारली. वर म्हणालो, "हे नीट पार पडलं तर तुझ्याकडे राहायला येण्याचा विषय बंद?"

कारण गेले कित्येक महिने तिचं एकच पालुपद. बाबा एकटे कसे राहणार, बाबा गॅस चालू ठेवतील, बाबा, आमच्याकडे खोली रिकामीच आहे. खोली चांगली आहे, जावई चांगला आहे. पण इथे पातेली अजून बायको लावायची तशीच लागलेली आहेत. ती सोडून मी कुठे जाऊ?

"बंद," ती म्हणाली. "पण गडबड झाली तर रविवारी सामान बांधायचं."

"बांधू!"

तिने चकचकीत साचा एका बशीत ठेवला, झाकला आणि पलीकडच्या टेबलावर रबराची दोन औषधं ढवळायला लागली. मी झाकण उचलून बघितलं. नुसतं बघितलं! साच्यावर चार यंत्रांच्या रेघा होत्या आणि एका कोपऱ्यात काहीतरी पांढरं, बारीक. धूळ! माझ्या घरात! मुलीची पाठ माझ्याकडे होती. मी खाली वाकलो, गालफडं फुगवली आणि जोरदार फुंकर मारली. कण गेला. झाकण ठेवून मी छताकडे बघत उभा राहिलो.

तिने रबर ओतलं, बशी ओव्हनमध्ये ठेवली. "मी पाहुण्यांची तयारी करून येते. दार उघडायचं नाही. तापमानाचा काटा इथून हलला तर फोन करायचा. बस्स."

"अगं, बस्स काय, मी पापणी हलवणार नाही!"

ती गेल्यावर वाटलं, काम करायचं तर रीतसर करावं. तिच्या प्रयोगशाळेत म्हणे सगळे नखशिखांत झाकून घेतात. मी डोक्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवली, तोंडाला रुमाल बांधला, हातात भांडी घासायचे रबरी मोजे घातले. वरून दाराला अडकवलेला हिचा एप्रन घातला. ही गेल्यापासून तो धुतला नव्हता, धुवावासा वाटला नव्हता. मग स्टूल ओढून मी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलो.

आता गप्प किती वेळ बसणार? मी बोलायला लागलो. "बघ, तुझा ओव्हन कसा चाललाय. तू म्हणायचीस, तुम्हाला दूध तापवता येत नाही. आता बघ, मी यंत्र भाजतोय!"

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. त्या थबकल्या.

"भाऊजी? कुणाशी बोलताय?"

रुमालातून मी म्हणालो, "हिच्याशी!" आणि हाताने ओव्हन दाखवला.

वहिनींचा चेहरा पिठासारखा झाला. "बरं बरं. बोला हं. निवांत बोला," असं म्हणत त्या उलट्या पावली वर गेल्या. मला वाटलं, किती समजूतदार बाई!

समजूतदार बाईने वर जाऊन पहिलं काम केलं ते माझ्या मुलीला फोन करण्याचं. "अगं, तुझे बाबा डोक्यावर पिशवी घालून, आईचा एप्रन घालून ओव्हनपुढे बसलेत! म्हणतात, ती आत आहे!"

थोड्याच वेळात दार धाडकन उघडलं. मुलगी आत घुसली. तिच्या मागे तिच्या साहेबीणबाई. गाडी त्यांची होती म्हणून त्याही आल्या.

"बाबा!"

"दार लाव! धूळ येतेय!" मी किंचाळलो आणि दोन्ही हात पसरून ओव्हनपुढे आडवा झालो.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे. काटासुद्धा बरा आहे. तुम्हीच चपला घालून आलात!"

सगळा उलगडा होईपर्यंत वेळ भरत आली. साहेबीणबाई हसून हसून माझ्या स्टुलावर बसल्या. मुलीने बशी बाहेर काढली, निवू दिली, रबर अलगद सोललं, उजेडात धरलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, यात केस आहे."

तीन तुकडे स्वच्छ होते. चौथ्यात मात्र एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कमानीसारखा एक केस रुतला होता. माझ्या डोळ्यांपुढे बांधलेलं सामान दिसायला लागलं.

"तुझ्या आईचा असेल," मी घाईघाईने म्हणालो. "एप्रनवरचा."

आता हे भांडण जुनं. जेवणात केस निघाला की मी म्हणायचो, तुझा. ही म्हणायची, "अहो, तुमच्या मिशीचा!" आयुष्यभर निकाल लागला नाही.

मुलीने माझं पेपर वाचायचं भिंग घेतलं. "आईचा केस हातभर. हा एवढासा. आणि बाबा... मुळाशी पांढरा, पुढे काळा कसा?"

कलप लावतो हे या जगात फक्त हिला ठाऊक होतं. ती अशी, जाऊनही जिंकली! मग फुंकर मारल्याचंही सांगावं लागलं.

तोवर साहेबीणबाईंनी चिमट्याने तो केस हळूच ओढून काढला. रबरात गोल बोगदा उरला. त्यांनी तुकडा काचेवर दाबून बसवला, सुईने लाल शाईचा थेंब आत सोडला आणि तो थेंब माझ्या मिशीच्या वाटेने सुळ्ळकन पलीकडे गेला!

"साच्यातल्या नळ्या चौकोनी होतात," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यांत रक्त अडकतं. रक्तवाहिनी असते गोल. केसावर रबर ओतायची युक्ती कुणीतरी आधीच केलेली आहे, पण आपल्याला सुचली नव्हती. हा तुकडाही पाहुण्यांना दाखवू या. काका, असे आणखी केस मिळतील? छान जाड आहेत."

मी मुलीकडे बघितलं. "आणि सामान?"

"यंत्रं झाली ना? मग राहा इथेच," ती म्हणाली. "पण पैज धुळीची होती आणि तुम्ही धूळच फुंकलीत. तेव्हा..."

मिशी गेली. ती आता प्रयोगशाळेत एका डबीत असते. डबीवर मुलीने 'बाबा' असं लिहिलंय. आरशात बघितलं की दुसऱ्याच कुणाला नमस्कार करावासा वाटतो.

परवाची गोष्ट. एप्रन घालून मीच भाजी केली, ताट वाढून घेतलं आणि दुसऱ्याच घासाला तोंडात केस आला. ओढतोय, ओढतोय, संपेचना. हातभर लांब! मी ताडकन उभा राहिलो आणि घर दणाणून सोडलं. "बघ! बघ! हा तुझा! मी म्हणत होतो की नाही?"

मग केस धुतला, पुसला आणि एप्रनच्या खिशात नीट ठेवून दिला. पुन्हा जेवायला बसणार, तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, आता काय झालं? वरच्या काकू म्हणतायत, तुम्ही भाजीशी भांडताय!"