शर्वाणीच्या फर्नवरचे ढेकूण

"ढेकूण मी दहा फुटांवरून ओळखतो," असं चंद्रशेखर शारजात भेटेल त्याला सांगायचा. गेल्या वर्षी ढेकणांपायी नवाकोरा सोफा फेकावा लागल्यापासून या विषयावर त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नसे.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी त्याने लेकीच्या टेबलावरच्या फर्नचं पान सहज उलटं केलं आणि त्याचं टाळकंच सरकलं. पानामागे तपकिरी ठिपके, दोन रांगांत ठाण मांडून बसलेले! ही कुंडी दुबईत ऊद मेथाला राहणाऱ्या त्याच्या मित्राने, नागेशने, शर्वाणीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी दिली होती. त्याने तडक नागेशला फोन लावला.

"वीस वर्षांची मैत्री, आणि माझ्या घरात ढेकूण पाठवतोस?"

"शेखर, ते ढेकूण नाहीत रे, ऐकून तर घे..."

"खलास. तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही मला."

"अहो, शर्वाणी क्लासहून येऊ दे," शालिनी म्हणाली. "सोमवारी प्रदर्शन आहे तिचं."

"गव्हात किडे झाले की तुझी आई गच्चीत ऊन दाखवते ना? तेच करतो."

"ते सांगलीचं ऊन. हे शारजाचं आहे."

"मग लवकर मरतील."

त्याने कुंडी बाल्कनीत नेली, पानं उलटी करून कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला अडकवली आणि दार धाडकन ओढून घेतलं. दुपारी चारला एकही ढेकूण हलत नव्हता. पानाला हात लावला, तर त्याचा भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला.

"बाबा, व्हेअर इज माय फर्न?" शर्वाणीने आल्या आल्या विचारलं.

"सगळे ढेकूण मारले बघ," तो ऐटीत म्हणाला.

तिने उरलेलं एक पान उलटं केलं. तिचे डोळे भरून आले. "दोज आर स्पोर्स, बाबा. फर्न्स डोंट हॅव सीड्स. स्पोर्समधून नवीन फर्न्स येतात. दॅट वॉज माय होल प्रोजेक्ट!"

ती खोलीत गेली आणि आतून कडी लागली. शालिनीने गाडीची किल्ली त्याच्यापुढे आपटली.

ऊद मेथाला नागेशने दार उघडलं, आत जाऊन बाथरूममधली दुसरी कुंडी आणली आणि त्याच्या हातात ठेवली.

"ढेकूण मोजून घे," तो म्हणाला. "नंतर तक्रार नको."

परत येताना शारजाचा रस्ता तुंबला होता. चंद्रशेखरने कुंडीला सीटबेल्ट लावला, एसीची सगळी तोंडं तिच्याकडे वळवली आणि स्वतः घामाने निथळत बसला. ज्याच्यावर चिडावं असा आता गाडीत तो स्वतः एकटाच उरला होता.